तडा गेलेल्या डायची नाणी

माझ्याकडे १८२७ सालचे अमेरिकन अर्धे डॉलर बरेच आहेत. नवऱ्याचं म्हणणं असं, की त्यातला एक चांगलासा ठेवावा आणि बाकीचे विकून स्वयंपाकघरातली फरशी बदलून घ्यावी. "अगं, सगळ्यांवर बाई तीच, गरुड तोच, साल तेच. मग हे वेगळे कसे?" हा प्रश्न अधूनमधून येतोच, आणि दर वेळी मी भिंग त्याच्या हातात देते. तो जरा वेळ बघतो, "हं" म्हणतो आणि फरशीचा विषय पुन्हा काढतो. हा लेख त्याच्यासाठी नाही. हाच प्रश्न पडून शिवाय उत्तर ऐकण्याची चिकाटीही ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी आहे.

मी नाण्यांकडे आले ती पोलादाच्या वाटेने. नोकरी सगळी धातूंच्या प्रयोगशाळेत गेली. मोडलेले गिअर, तुटलेल्या स्प्रिंगा, फुटलेले प्रेसचे डाय (धातूवर छाप उठवणारे पोलादी ठोकळे) माझ्या टेबलावर यायचे आणि तडा कुठून सुटला, का सुटला हे मी लिहून द्यायचे. फिलाडेल्फिया आमच्यापासून फार लांब नाही. तिथल्या एका नाणेप्रदर्शनात एका विक्रेत्याच्या ट्रेमध्ये मला एक झिजलेला अर्धा डॉलर दिसला. बाईच्या चेहऱ्यावरून एक बारीक वाकडी रेघ पार कडेपर्यंत गेली होती. मी फार वेळ बघत बसले तेव्हा विक्रेता म्हणाला, ओरखडा आहे, स्वस्तात देतो. पण ओरखडा आत जातो, आणि ही रेघ वर आलेली होती. म्हणजे तडा नाण्याला नव्हता, डायला होता. दाबाखाली चांदी त्या तड्यात शिरली आणि तड्याची उठावदार नक्कल नाण्यावर उतरली. रेघ दोन ताऱ्यांच्या टोकांना शिवून सालाच्या आकड्यात शिरत होती. माझ्या टेबलावर आलेला कुठलाही डाय असाच फुटला असता. मी नाणं घेतलं. तिथून पुढे मी बिघडत गेले.

अमेरिकेची टांकसाळ एप्रिल १७९२ च्या कायद्याने स्थापन झाली आणि फिलाडेल्फियाच्या सेव्हन्थ स्ट्रीटवर उभी राहिली. तांब्याची नाणी १७९३ मध्येच बाहेर पडली, पण चांदीचं काम अडून बसलं. नाणी पाडण्याचा प्रमुख हेन्री व्हॉइट आणि धातूचा कस तपासणारा अल्बियन कॉक्स या दोघांनी सोन्याचांदीला हात लावण्याआधी प्रत्येकी १०,००० डॉलरचा जामीन द्यावा, असं कायदा सांगत होता, आणि एवढी ऐपत दोघांचीही नव्हती. मार्च १७९४ मध्ये काँग्रेसने व्हॉइटची रक्कम ५,००० वर आणि कॉक्सची १,००० वर आणली, तेव्हा कुठे गाडी हलली. १५ ऑक्टोबर १७९४ रोजी पहिले १,७५८ डॉलर तयार झाले. प्रेस त्या आकाराच्या नाण्याला पुरेसा ताकदवान नव्हता, डायचे पृष्ठभागही नीट समांतर नव्हते; त्यामुळे त्या डॉलरच्या डाव्या बाजूचे तारे जवळजवळ सगळ्या नगांवर पुसट आहेत. यातलंच एक नाणं जानेवारी २०१३ मध्ये लिलावात १,००,१६,८७५ डॉलरना गेलं. पण माझ्यासारखीला त्या डॉलरमध्ये करण्यासारखं फारसं काही नाही. १७९४ च्या डॉलरची डायची जोडी एकच. म्हणजे व्हरायटी, डायच्या जोडीवरून ठरणारा नाण्याचा प्रकार, तीही एकच. संपला विषय.

खरी मजा सुरू होते ती एकाच सालासाठी बरेच डाय लागायला लागले तिथून.

तेव्हाचा डाय म्हणजे मऊ पोलादाचा ठोकळा. मुख्य खोदकाम करणारा रॉबर्ट स्कॉट. लिबर्टीचं, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचं डोकं एका पंचावर (ठोकून ठसा उमटवायच्या पोलादी दांड्यावर) उठावात कोरलेलं असायचं, ते डायमध्ये दाबून उतरवायचं. बाकी सगळं सुटं: तारा ठोकायचा एक पंच, प्रत्येक अक्षराचा एक, प्रत्येक आकड्याचा एक. तारे एकेक करून, 'लिबर्टी' एकेक अक्षर करून, साल एकेक आकडा करून, हातात हातोडी घेऊन, आणि सगळं उलटं, आरशात दिसतं तसं. अशा दोन डायवरचे तेरा तारे एकाच जागी पडणं अशक्यच. कुठे सातवा तारा टोपीला चिकटतो, कुठे सालातला शेवटचा आकडा वर उडतो. या एवढ्याशा फरकांवरून नाणं नेमक्या कुठल्या दर्शनी डायचं आणि कुठल्या मागच्या डायचं ते ओळखता येतं. अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक व्हरायटी. संग्राहक तिला 'डाय मॅरेज' म्हणतात, आणि ही लग्नं फारशी टिकाऊ नसत. एक डाय फुटला की दुसऱ्याला नवा जोडीदार मिळे. कधी जुना जोडीदार पुन्हा परत येई.

खोदकाम झालं की डाय लालभडक तापवून त्याला पाणी पाजायचं, म्हणजे तो कडक होतो. मग थोडा पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करायचा. त्या काळच्या पोलादात कार्बन सगळीकडे सारखा पसरलेला असेलच असं नाही. भट्टीत लोखंड कोळशात पुरून तयार केलेल्या पोलादात तर तो बाहेरच्या थरात जास्त आणि गाभ्यात कमी. अशा ठोकळ्याला पाणी पाजलं की वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी कडक होतात आणि आत ताण अडकून बसतो. त्यावर पंचाने पाडलेल्या ताऱ्याचं अणकुचीदार टोक. तडा सुटायला याहून चांगली जागा कुठली? या नाण्यांवरचे तडे ताऱ्यांच्या टोकांवरून, अक्षरांच्या माथ्यांवरून आणि सालाच्या आकड्यांमधून धावतात ते उगीच नाही.

आता माझं मत सांगते. काही जणांना ते पटत नाही. दुर्मीळ व्हरायटी म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी खास, मुद्दाम थोडंच पाडलेलं नाणं असणार. बहुतेक वेळा कारण याहून साधं असतं: तो डाय लवकर मेला. टांकसाळीत कुणी दुर्मीळपणा बनवत नव्हतं. ते बिचारे डाय जगवायला बघत होते.

१८१७ सालचा अर्धा डॉलर घ्या. त्याची 'सतरावर चौदा' म्हणून ओळखली जाणारी व्हरायटी, अर्ध्या डॉलरच्या व्हरायट्यांची यादी करणाऱ्या ओव्हर्टनच्या क्रमाने ओ-१०२, आजवर अकराच्या आसपास माहीत आहे. ७ च्या पोटात ४ चे अवशेष दिसतात. म्हणजे १८१४ साठी बनवलेला डाय शिल्लक राहिला होता. मधल्या वर्षांत त्याला कामच मिळालं नाही. १८१५ चे अर्धे डॉलर फक्त ४७,१५० निघाले आणि तेसुद्धा सगळे १८१२ च्या शिळ्या डायवर २ च्या जागी ५ ठोकून. मग ११ जानेवारी १८१६ ला टांकसाळीत आग लागली, धातू लाटायची यंत्रं असलेली इमारत गेली, आणि त्या सालाची चांदी-सोन्याची नाणी निघालीच नाहीत. १८१६ लिहिलेलं मिळतं ते तांब्याचं सेंट. १८१७ मध्ये काम पुन्हा सुरू झालं तेव्हा कपाटातले जुने डाय बाहेर निघाले. एक १८१३ चा होता, त्यावर ७ ठोकला. त्याने भरपूर नाणी पाडली आणि ती आजही सहज मिळतात. दुसरा १८१४ चा. त्यावरही ७ ठोकला, आणि हा मात्र थोडक्यातच या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकला. एकाच कपाटातले दोन डाय, नशीब मात्र दोन टोकांचं.

का तडकला? कागदावर कुठे लिहिलेलं नाही, पण मी माझ्या धंद्यातला तर्क लढवू शकते. पाणी पाजलेल्या डायवर नवा आकडा ठोकता येत नाही, पंचच मोडेल. म्हणजे तो आधीच कडक केलेला असेल तर पुन्हा तापवून मऊ करायचा, ७ ठोकायचा, पुन्हा कडक करायचा. दर तापवणीत पोलादाचा कण मोठा होतो, पृष्ठभागातला कार्बन जळतो, आणि चुकून जरा जास्त लाल झालं तर पुढच्या पाण्यात ठोकळा आतून दुभंगायच्या बेताला येतो. शिवाय ४ वर ७ ठोकल्याने त्या एका जागी दोन-दोन आकड्यांचे कोपरे. मला तो डाय माझ्या टेबलावर हवा होता. अहवाल एका पानाचा झाला असता.

दुर्मीळपणा मोजायची पद्धत संग्राहकांनी मोठ्या तांब्याच्या सेंटवरून उचलली आहे. १९४९ मध्ये शेल्डनने ती मांडली: आर-१ म्हणजे बाराशेपन्नासहून जास्त नग, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२, आणि आर-८ म्हणजे त्याहूनही कमी. व्हरायट्यांचे क्रमांक प्रत्येक मूल्याच्या नाण्याला वेगळे. अर्ध्या डॉलरला ओव्हर्टन, पाव डॉलरला ब्राउनिंग, डॉलरला बोलेंडर, आणि डाइमला, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याला, 'जेआर', म्हणजे जॉन राइश या खोदकाम करणाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या संग्राहकांच्या संस्थेचे. नवीन माणसाला हे सगळं पोस्टाच्या पिनकोडसारखं वाटतं. सवय झाली की 'ओ-१०२' ऐकलं तरी हात थरथरतो.

१८०७ ते १८३६ या काळातल्या टोपीवाल्या देवीच्या अर्ध्या डॉलरच्या साडेचारशेच्या आसपास व्हरायट्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आजही आवाक्यात आहेत. १८०४ नंतर डॉलर पाडणं थांबलं होतं, म्हणून अर्धा डॉलर हेच चांदीचं सगळ्यात मोठं नाणं. बँका ते पोत्यांनी साठवायच्या, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पाठवायच्या. लोकांच्या खिशात ते कमी फिरलं आणि म्हणून चांगलं टिकलं. छोटे डाइम आणि हाफ डाइम मात्र फिरून फिरून गुळगुळीत झाले. १८०२ चा हाफ डाइम बघा: टांकसाळीचा आकडा ३,०६०, आणि आज हाताला लागले तर चार-पाच डझनांच्या आतच.

या आकड्यांवर फार विसंबू नका, हेही सांगून ठेवते. टांकसाळीच्या वहीतला आकडा त्या कॅलेंडर वर्षात किती नाणी तयार झाली ते सांगतो. नाण्यावर साल कुठलं, ते डाय ठरवतो. डाय चालतो तोवर वापरायचा, साल उलटलं तरी. १८०४ मध्ये १९,५७० डॉलर तयार झाल्याची नोंद आहे, पण ते सगळे जुन्या सालांच्या डायवरचे. '१८०४' लिहिलेले ते प्रसिद्ध डॉलर १८३४ च्या सुमारास परराष्ट्रांच्या राजांना भेट द्यायला म्हणून पाडायला घेतले. सगळे प्रकार धरून १५ आहेत. लोक त्यांना नाण्यांचा राजा म्हणतात. माझ्या लेखी ते भेटवस्तूंच्या दुकानातले आहेत, पण हे मोठ्याने बोलले की प्रदर्शनात माझ्याशी कुणी बोलत नाही.

खोदकाम करणाऱ्यांच्या गफलती हा तर वेगळाच खजिना. १८१३ च्या अर्ध्या डॉलरच्या एका डायवर, खाली जिथे '५० सी' (पन्नास सेंट) यायला हवं तिथे गड्याने 'युनायटेड' ठोकायला घेतलं. यू, एन, आय अशी तीन अक्षरं पडल्यावर त्याला जाग आली. पोलाद महाग, केलेलं काम टाकवत नाही. मग त्याने तिथेच वर ५० ठोकलं. भिंगातून बघितलं की ५० च्या मागून ती तीन अक्षरं डोकावतात. १८०७ मध्ये कुणीतरी ५० च्या जागी २० ठोकून बसला होता. १७९६ च्या हाफ डाइमवर बी चा पंच मोडका असल्याने 'लिबर्टी'तला बी चक्क के सारखा दिसतो. १८०० मध्ये तीच गत आर ची झाली. मला ही माणसं आवडतात. सकाळची थंडी, तेलाच्या दिव्याचा उजेड, उलटी अक्षरं, आणि चुकलं तर खोडरबर नाही.

यातली माझी लाडकी गोष्ट पाव डॉलरची. १८२२ साठी एक मागचा डाय बनला. त्यावर आधी '५० सी' ठोकलं गेलं, मग त्यावर '२५ सी'. नाणी थोडीच निघाली आणि डाय बाजूला गेला. मागच्या डायवर साल नसतं, त्यामुळे तो कधीच शिळा होत नाही. सहा वर्षांनी, १८२८ मध्ये, तोच डाय पुन्हा बाहेर काढला गेला, आणि २५ खालचं ५० तसंच घेऊन त्याने पुन्हा नाणी पाडली. दोन्ही सालांची नाणी शेजारी ठेवली की तोच मार, तीच ठोकलेली २५. मधल्या काळात तो कपाटात कुठल्या फडक्यात गुंडाळलेला होता कोण जाणे, पण गंजला नाही, एवढं नाणी बघून मी सांगू शकते.

आणि त्याहून वरचढ प्रकरण म्हणजे डाइमचं. १७९८ पासून १८०७ पर्यंतच्या डाइमच्या मागच्या बाजूला ढालवाला गरुड आहे आणि मूल्य कुठेच लिहिलेलं नाही. अडीच डॉलरच्या सोन्याच्या नाण्याच्या मागेही तोच गरुड, तिथेही मूल्य नाही, आणि दोघांचा व्यास जवळपास सारखा. टांकसाळीने काय करावं? तोच डाय दोन्हीकडे वापरला. १८०४ चा एक डाय यासाठी प्रसिद्ध आहे, कारण त्यावर गरुडाच्या डोक्यावर तेराऐवजी चौदा तारे पडलेत. या चौदा ताऱ्यांच्या डायने दहा सेंटची चांदीही पाडली आणि अडीच डॉलरचं सोनंही. दोन्हींपैकी आधी कुठलं, हे तड्यांवरून ठरवायचं असतं: ज्या धातूवर तडा लांब, ते नाणं नंतरचं. चांदीच्या नाण्याचं वय सोन्याच्या नाण्यावरून मोजता येतं, ही कल्पना मला पहिल्यांदा कळली तेव्हा रात्री झोप आली नाही.

ओळख पटवायचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते एकदा सांगून टाकते. टोपीवाल्या देवीचा अर्धा डॉलर असेल तर मी मागची बाजू आधी बघते. वरच्या बाजूला 'ई प्लुरिबस युनम' लिहिलेली फीत आहे, आणि तिच्यावरून कमानीसारखं 'युनायटेड स्टेट्स'. अक्षरं हाताने ठोकलेली, त्यामुळे 'युनायटेड'मधल्या टी च्या खाली फितीवरचं नेमकं कुठलं अक्षर येतं, टी चा दांडा त्याच्या डाव्या कडेशी जुळतो की मधोमध पडतो, एवढ्यावरच अर्ध्याहून जास्त डाय बाद होतात. मग '५० सी' ची उंची, ५ आणि ० मधलं अंतर, ढालीच्या उभ्या रेघा आडव्या रेघांमध्ये घुसल्यात का. मग नाणं उलटून ताऱ्यांकडे. दिवा एका बाजूने, नाणं हातात हळूहळू फिरवायचं. सरळ उजेडात तडे दिसत नाहीत, तिरप्या उजेडात लख्ख दिसतात. १८२७ साठी हे काम जीव काढतं, कारण एकमेकांशी जुळणारे डाय फार. त्या सालाची नाणी ५४,९३,४०० निघाली आणि ओव्हर्टनचे क्रमांक १४९ पर्यंत गेलेत.

तडे हे एक, क्लॅश हे दुसरं. प्रेसमध्ये चकती घालायची राहिली आणि प्रेस फिरला, की दोन डाय एकमेकांवर आदळतात. दर्शनी डायवर गरुडाचा, मागच्या डायवर बाईचा पुसट ठसा उमटतो, आणि त्यानंतरच्या प्रत्येक नाण्यावर तो येत राहतो. देवीच्या चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत पंखाची एक अस्पष्ट रेघ दिसते ती अशी. फार झालं की टांकसाळवाले डाय घासून गुळगुळीत करायचे. घासताना क्लॅश जातो, पण उथळ रेषाही जातात: केसांचा एखादा कुरळा बट, ताऱ्याचा एखादा बारीक कोपरा. म्हणून एकाच जोडीच्या नाण्यांचा क्रम लावता येतो. कोरं, मग क्लॅश, मग घासलेलं, मग तडा, मग दुसरा तडा, शेवटी कडेचा तुकडाच निघून गेलेला. कागदपत्र नसतानाही त्या पोलादाचं सगळं आजारपण तारीखवार लागतं.

राइशबद्दल राहिलं. जॉन राइश मूळचा बव्हेरियाचा, १८०७ मध्ये वर्षाला ६०० डॉलरवर स्कॉटच्या हाताखाली लागला आणि पगारात दमडीची वाढ न मिळता १८१७ मध्ये निघून गेला. त्याच्या काळातल्या डायवर तेराव्या ताऱ्याच्या, कडेकडे वळलेल्या टोकाला एक बारीक खाच असते. संग्राहक तिला त्याची सही मानतात. नाण्यावर नाव घालायची परवानगी नव्हती, तेव्हा माणसाने काय करायचं? १८१७ नंतर ती खाच दिसत नाही.

किमतींचं गणित मात्र विचित्र आहे. ज्या व्हरायटीला नाव आहे, जी भिंगाशिवाय दिसते आणि किंमतपुस्तिकेत स्वतंत्र ओळ मिळवते, तिला सगळे धावतात. १८१५ चा अर्धा डॉलर शेकड्यांनी टिकलाय, तरी त्या सालाचं दुसरं नाणंच नसल्याने प्रत्येक सालवार संग्राहकाला तो लागतोच, आणि भाव चढाच राहतो. उलट एखादी आर-५ ची बिननावाची व्हरायटी, जिचा फरक फक्त टी खालच्या अक्षरात आहे, ती विक्रेत्याने तपासली नसेल तर साध्या नाण्याच्या भावात ट्रेमध्ये पडून असते. सीलबंद प्लॅस्टिकच्या डब्यातल्या नाण्यांवरही व्हरायटीचा क्रमांक पुष्कळदा नसतो. शिकारीला हे उत्तमच. फक्त त्या डब्यात कडा झाकली जाते, हे मला खटकतं. या अर्ध्या डॉलरच्या कडेवर 'फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर' हे शब्द वेगळ्या यंत्राने लाटून उठवलेले असतात आणि तिथेही गमती आहेत. १८३६ च्या शेवटी वाफेवरचा प्रेस आला, कडेवरची अक्षरं जाऊन रेघा आल्या, आणि पुढे हळूहळू सगळी अक्षरं मुख्य पंचातच बसवायला लागले. डाय एकमेकांसारखे दिसायला लागले. तिथे माझा रस संपतो.

सध्या मी १८०७ च्या 'दाढीवाल्या'च्या मागे आहे. त्या सालच्या एका दर्शनी डायला देवीच्या हनुवटीपाशी तडे गेले, आणि शेवटच्या नाण्यांवर तिला चक्क दाढी फुटल्यासारखी दिसते. दाढी असली की किंमत चढते. माझ्याकडे दाढीवालं एक झिजकं नाणं आहे, आणि त्याच जोडीचं अगदी सुरुवातीचं, स्वच्छ हनुवटीचंही आहे. मला हवंय ते मधलं, तडा नुकताच सुटलेलं, ज्याच्यासाठी कुणी जास्त पैसे देत नाही कारण ते धड स्वच्छही नाही आणि धड दाढीवालंही नाही. बाल्टिमोरच्या प्रदर्शनात एका ओळखीच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला मी हे सांगितलं. त्याने चष्मा वर केला आणि विचारलं, "दोन आहेत ना तुझ्याकडे? मग तिसरं कशाला?" मी म्हटलं, तडा कुठून सुरू झाला ते बघायचंय. तो काही बोलला नाही, पण टेबलाखालून १८०७ चा एक अख्खा डबा काढून माझ्यापुढे सरकवला, आणि दिवा माझ्या बाजूला वळवला.